घरचंच माणूस

माझ्या आईने आयुष्यभर भयपट पाहिले आणि एकही पाहिला नाही. मी भयपटांचा इतिहास शिकवते. पहिल्या तासाला हे वाक्य उच्चारले की विद्यार्थी हसतात. त्यांना वाटते, बाईंनी सुरुवातीसाठी काहीतरी चमत्कृतीपूर्ण शोधून आणले आहे. पण ते शब्दशः खरे आहे. रविवारी दुपारच्या खेळाला आई बाबांच्या डाव्या हाताला बसायची, दिवे मंद होईपर्यंत पर्समधल्या आल्याच्या गोळ्या वाटायची, आणि पडद्यावर पहिले दार करकरले की डोळे घट्ट मिटून घ्यायची. त्यानंतरचा सगळा सिनेमा बाबा तिच्या कानात सांगायचे.

बाबा दात बनवायचे. ते दंतवैद्य नव्हेत. दंतवैद्य ठसे घेऊन पाठवायचे, आणि बाबा आपल्या चिंचोळ्या कार्यशाळेत, मेणाच्या आणि प्लास्टरच्या वासात बसून, त्या ठशांवरून कवळ्या घडवायचे. त्यामुळे कोणत्याही राक्षसाचे परीक्षण त्याच्या जबड्यापासून सुरू व्हायचे. "सुळे फार पुढे बसवलेत गं," ते सांगायचे. "ह्याला ओठ मिटता येत नाहीत. रक्त काय पिणार, लाळ गळेल नुसती." आई मिटल्या डोळ्यांनी हसायची. कोणीतरी मागून दटावायचे, पण तेव्हाचे भयपट मुळात गोंगाटाचे होते. विजा कडाडायच्या, वारा घोंगावायचा, वाद्यवृंद छातीवर बसायचा. त्या कल्लोळात एका नवऱ्याची कुजबुज सहज खपून जायची.

आई भित्री होती असे मुळीच नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात ती परिचारिका होती, आणि उघडी पोटे पाहून आल्यावर तितक्याच शांतपणे जेवायला बसायची. बाबा तिला चिडवायचे, "सिस्टर, दिवसभर माणसं शिवून येता आणि इथे टोमॅटोच्या रसाला घाबरता?"

"ते वेगळं," आई म्हणायची.

"मग येता कशाला?"

"मला गोष्ट आवडते. बघायला आवडत नाही. तुम्हाला काही त्रास आहे का सांगायला?"

बाबांना काहीही त्रास नव्हता. उलट मला वाटते, आठवडाभर मुक्या जबड्यांशी काढलेल्या त्या माणसाला बोलायला मिळणारी ती हक्काची जागा होती. लहान म्हणून मला ते नेत नसत. सोमवारी सकाळी माझी वेणी घालताना आई आदल्या दिवशीचा सिनेमा मला ऐकवायची. म्हणजे या विषयातले माझे प्राथमिक शिक्षण सांगोवांगी झालेले आहे.

मग बाबांचे डोळे गेले. पूर्णपणे नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला. कडेकडेचे दिसते, पण ज्याच्याकडे रोखून पाहावे तेच धुरात जाते. डॉक्टरांनी हे समजावून सांगितले तेव्हा बाबांनी गंभीरपणे मान हलवली. घरी येऊन जेवणाच्या टेबलाशी त्यांनी निकाल जाहीर केला: "म्हणजे चित्रपटगृहात मला खुर्च्या दिसतील, दाराकडची पाटी दिसेल, पडदा तेवढा दिसणार नाही. संपलं. रविवारी आता विश्रांती."

"मी सांगेन ना," आई म्हणाली.

"तू? डोळे मिटून?"

आम्ही तिघेही हसलो. हसणे ओसरले तेव्हा बाबा अधिक हळू आवाजात म्हणाले, "आणि कीव येऊन काहीतरी गोड गोड सांगशील. मला ते नको. सगळे जण हल्ली माझ्याशी तसंच बोलतात, डोळ्यांबरोबर अक्कलही गेल्यासारखे. जे आहे ते सांगणारं माणूस मिळालं तर येईन. नाहीतर घरी पंखा बघत बसेन. तो फिरतो तेवढा कडेने दिसतो मला."

पुढच्या कित्येक रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा बाबा खरोखरच पंख्याखाली बसलेले असत आणि आई घासलेली भांडी पुन्हा घासत असे. दोघांचे भांडण नव्हते. भांडण असते तर बरे झाले असते. निदान बोलणे झाले असते. आठवडाभराच्या औषधे-भाजी-दूधवाल्याच्या संसारात त्यांना एकमेकांशी काही बोलण्यासारखे उरावे यासाठी तो अंधार लागत होता, हे मला तेव्हा कळले.

एका बुधवारी सकाळी आई माझ्या घरी आली. पर्स मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी सोफ्याच्या कडेवर बसली.

"तू मुलांना भयपट कसे बघायचे ते शिकवतेस ना?"

"कसे समजून घ्यायचे ते शिकवते."

"ते नंतर. आधी मला बघायला शिकव. डोळे उघडे ठेवून."

मी तिला अगदी सुरुवातीपासून न्यायचे ठरवले. माझ्या अभ्यासक्रमाचाच तो क्रम आहे: आरंभीच्या मूक चित्रपटांतल्या लांबलचक सावल्या, मग दूरच्या किल्ल्यातले पिशाच, प्रयोगशाळेत शिवलेला माणूस, पुढे शेजारच्या घरातला सुरेवाला, आणि अखेर ज्यात भूत दिसतच नाही असे आजचे चित्रपट. माझा मुद्दा असा की दर पिढीत भीती थोडी जवळ सरकते. आधी ती परमुलखात असते, नंतर गावात येते, मग गल्लीत, मग घरात, आणि आता माणसाच्या मनात. आईने घरी जाऊन हा सिद्धान्त बाबांना सांगितला. बाबांनी तो लगेच सुटसुटीत केला: "म्हणजे भूत भाड्याची जागा शोधत शोधत शेवटी आपल्या डोक्यात राहायला आलं. बरोबर आहे. बाहेर भाडी परवडत नसतील." शिवाय, ते म्हणाले, हा इतिहास दातांवरूनही सांगता येतो. पूर्वी प्रत्येक पिशाचाला स्वतंत्र सुळे करून द्यावे लागत. आताची भुते स्वतःच्या नैसर्गिक दातांवर भागवतात. "आमच्या धंद्याला उतरती कळा लागली ती तिथूनच."

सावल्यांशी आईची लगेच ओळख झाली. शिवलेल्या माणसाचे टाके पाहून ती नाराज झाली. सुरेवाल्याच्या वेळी तर तिने चहात बिस्कीट बुडवून खाल्ले. "भाजी चिरल्यासारखा सुरा धरलाय मेल्याने," एवढाच तिचा अभिप्राय. आणि तरीही दर चित्रपटात काही क्षण असे येत की तिचे डोळे आपोआप मिटत. चौथ्या-पाचव्या सकाळी माझ्या लक्षात आले की ते राक्षसाचे क्षण नव्हते आणि रक्ताचेही नव्हते. कॅमेरा बंद दारासमोर थांबायचा, कडी हळूच हलायची, आणि आई अंधारात निघून जायची.

मी चित्र थांबवले. पडद्यावर एक दार बोटभर उघडलेले होते.

"आई, दारात असं काय आहे?"

तिने हातातला कप खाली ठेवला.

"ऑपरेशन झालं की डॉक्टर हात धुवायला जायचे," ती म्हणाली. "दार आधी मी उघडायची. बाहेर बाकावर घरची माणसं असायची. दार हललं की सगळी एकदम उठायची. मी तोंड उघडायच्या आत माझा चेहरा वाचायची धडपड. बहुतेक वेळा चांगलंच सांगायचं असायचं गं. पण आतल्या बाजूने कडीला हात लावताना दर वेळी वाटायचं, उघडूच नये. सिनेमात सगळे दारातून येणाऱ्याला घाबरतात. इथे येणारी मीच होते."

माझ्या अभ्यासक्रमात दारांवर एक अख्खे प्रकरण आहे. उंबरठा, प्रतीक्षा, ज्ञात आणि अज्ञात यांतली सीमा, असे बरेच काही मी तिथे लिहिले आहे. ते सगळे चूक नाही, पण त्या सकाळी त्यातले एकही वाक्य मला उच्चारावेसे वाटले नाही.

"बाबांना हे माहीत आहे?"

"छे. घरी आल्यावर असलं कोण बोलतं? घरी आलं की स्वयंपाक."

उपाय तिचा तिनेच शोधला. बाकावरच्या माणसांशी बोलायला लागले की छातीतली धडधड थांबायची, हे तिला आठवले. म्हणून दार आले की ती बोलू लागली, जे दिसेल ते, अडखळत: "कडी पितळेची आहे. रंग उडालाय. आता हलतेय. उघडतंय. मागे अंधार. अंधारात... अगंबाई... हात आहे. एक बोट कमी." तोंड चालू असेपर्यंत डोळे उघडे राहत. तिने ते पहिल्यांदा जमवले तेव्हा आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.

मग तिने एक जुना चित्रपट मागितला. लग्नानंतर बाबा तिला पहिल्यांदा ज्या चित्रपटाला घेऊन गेले तो, तळ्याकाठच्या बंगल्याचा. आमच्या विभागाच्या संग्रहात त्याची नुकतीच स्वच्छ केलेली प्रत आली होती. आईला तो तोंडपाठ होता. ती माझ्या शेजारी बसून पुढचे पुढचे सांगत होती: आता माळी पडणार, आता आरसा फुटणार, आता डोके उडणार. डोके सांगितल्याप्रमाणे उडाले.

"आता शेवट बघ," ती म्हणाली. "फार सुंदर आहे. बुडालेली बाई बाळाच्या खोलीचं दार उघडते. सगळ्यांना वाटतं, आता संपलं. पण ती नुसती बाळाचं पांघरूण नीट करते, दिवा मालवते आणि तळ्यावर परत जाते. वेणी घालताना तुला सांगितलं होतं, आठवतं?"

मला आठवत होते. पडद्यावर दार उघडले. ओली बाई आत गेली. दार लागले. पुढच्या दृश्यात सकाळ झाली होती, पाळणा रिकामा होता, आणि फरशीवर पाण्याची पावले तळ्याच्या दिशेने गेली होती. तिथेच चित्रपट संपला.

"हा वेगळा आहे," आई म्हणाली.

"आई, एकच आहे."

"मग मधलं कापलंय कोणीतरी."

काहीही कापलेले नव्हते. आम्ही आणखी एक जुना चित्रपट काढला, मग आणखी एक. बाबांच्या कथनात तळघराच्या दारातून म्हातारा पहारेकरी आपल्या चपला शोधत बाहेर यायचा. पडद्यावर जे बाहेर आले त्याला पायच नव्हते. बाबांच्या कथनात माडीच्या दारात नायिकेची मावशी दूध घेऊन उभी असायची. पडद्यावर मावशी आधीच्याच दृश्यात मेलेली होती. गंमत अशी की बाकी काहीच त्यांनी बदलले नव्हते. जखमा, सुरे, फुटलेली डोकी, चुकलेले सुळे, सगळे इमानेइतबारे सांगितलेले. बदलली होती ती फक्त दारे. कोणत्याही चित्रपटात, कोणत्याही काळात, दार उघडले की बाबा आईच्या कानात एकच सांगत: "काही नाही. घरचंच माणूस आहे."

आई आधी हसली, मग रागावली. "इतकी वर्षं मला दुसराच सिनेमा दाखवला ह्या माणसाने!" मग तिने चष्मा काढला आणि पदार्थविज्ञानाचा प्रयोग असावा तितक्या काळजीने तो पुसत बसली.

"मी त्यांना कधीच काही बोलले नव्हते गं."

"मग कळलं कसं?"

"हात त्यांच्या हातात असायचा," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "दार आलं की मी दाबत असेन."

"विचारणार त्यांना?"

"काय विचारू? पकडलं म्हणून सांगू? तू पण गप्प बस. प्राध्यापक आहेस म्हणून सगळं उलगडून सांगायलाच पाहिजे असं नाही."

त्या आठवड्यात तिने जेवताना सहज सांगावे तसे सांगितले, "रविवारी नवीन लागलाय. आपण जातोय. मी सांगणार आहे."

"तू डोळे मिटणार."

"नाही मिटणार. मी शिकवणी लावली होती."

बाबांनी माझ्या दिशेने मान वळवली. हल्ली कोणाला पाहायचे असले की ते त्याच्या कानाशेजारी पाहतात. "काय हो प्राध्यापकबाई, विद्यार्थिनी कशी आहे?"

"पहिल्या वर्गात पास," मी म्हणाले.

"ठीक आहे. पण एकदा जरी डोळे मिटलेस आणि मनाने काही दडपून दिलंस, तर मी उठून घरी येईन. पुन्हा विषय काढायचा नाही."

"तुम्हाला कसं कळणार, मी मिटले की नाही?"

"कळतं मला," बाबा म्हणाले.

रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. आई नेहमीप्रमाणे बाबांच्या डावीकडे, मी तिच्या पलीकडे. गोळ्या वाटून झाल्या. दिवे गेले, आणि एक अडचण समोर आली जिचा विचार माझ्या कोणत्याही सिद्धान्ताने केला नव्हता. आजचे भयपट शांत असतात. एक मध्यमवयीन माणूस मेलेल्या आईचे घर रिकामे करायला येतो, खोके भरतो, आणि कितीतरी वेळ फ्रिजच्या गुणगुणण्याखेरीज काही ऐकू येत नाही. जुना वाद्यवृंद छातीवर बसायचा खरा, पण त्याच्या आडोशाला बोलता यायचे. या शांततेत आईची कुजबुज घोषणेसारखी वाटली.

"पुरुष, चाळिशीचा. झोप झालेली नाही. उजव्या हाताला पट्टी, नीट बांधलेली नाही."

"तपासणी नको. गोष्ट सांग."

"गोष्ट अजून सुरू नाही झाली. तो नुसता खोके भरतोय."

"किती वेळ भरणार?"

"हल्ली असंच असतं म्हणे."

पुढच्या रांगेतली एक तरुणी मागे वळली. "काकू, प्लीज."

"ह्यांना दिसत नाही, बाळा," आई म्हणाली.

तरुणी ओशाळून पुढे वळली. मी जागा बदलण्याचा विचार करू लागले. बाबा खुर्चीच्या हातावर तळवा टेकवून उठण्याच्या बेतात होते. आपल्यामुळे कोणाला त्रास होणे त्यांना सहन होत नाही, आणि आज ते घरी गेले तर पुन्हा येणार नाहीत हे आम्ही दोघी जाणून होतो. तेवढ्यात ती तरुणी पुन्हा वळली.

"काकू, मग जरा मोठ्याने सांगा ना. मी पण डोळे मिटून बसलेय."

बाबांचा हात खुर्चीवरून उठला आणि आईच्या हातावर जाऊन विसावला. "ऐकलंस? आता दोघांचं सांग."

आणि आई सांगू लागली. हळूहळू तपासणी मागे पडून गोष्ट पुढे आली. माणसाला कपाटात आईचा कोट सापडतो. कोटाच्या खिशात त्याच्याच दुधाच्या दातांची डबी. "दातांची?" बाबा ताठ बसले. मग स्वयंपाकघराचे दार आले. कडी हलली. मी आईकडे पाहिले. तिचे डोळे उघडे होते, चष्म्याच्या काचांत पडद्याचा करडा उजेड.

"दार उघडतंय," ती म्हणाली. "पूर्ण उघडलं."

"कोण आहे?"

"त्याची आई. मेलेली. केस ओले आहेत. त्याच्याकडे बघतेय. तोंड उघडतेय."

"दात?"

"वरचे आहेत. खालचे नाहीत."

"मग चावणार कशाने? पुढे सांग."

पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले. चित्रपट चालू राहिला. मला वाटते, त्या खेळाला आमच्या आजूबाजूच्या दोन रांगा मुळात आईचाच चित्रपट पाहत होत्या. आणि मध्येच माझ्या लक्षात आले की बाबांचे तोंड पडद्याकडे असले तरी ते पडदा पाहत नव्हते. समोर धूर होता. पण डावीकडची कड त्यांना स्वच्छ दिसत होती, आणि त्या कडेवर आई बसलेली होती. कळतं मला, असे ते म्हणाले होते ते खोटे नव्हते. सुरुवातीपासून ते तिचे डोळे पाहत होते.

शेवटचे दार मेलेल्या बाईच्या झोपण्याच्या खोलीचे होते. माणूस बाहेरच्या बाजूला उभा. आतून कोणीतरी अगदी हलकेच दार वाजवले. सगळे चित्रपटगृह श्वास धरून बसले.

"तो दाराशी आहे," आई म्हणाली. "त्याने हात कडीवर ठेवलाय. तो..."

तिचा आवाज थांबला. डोळे मिटले नाहीत. पापणीसुद्धा हलली नाही. शब्दच तेवढे संपले. तिची बोटे बाबांच्या हातावर घट्ट आवळलेली मला दिसली.

"थांब," बाबा म्हणाले. "एवढं मी सांगतो."

आणि धुराकडे पाहत, पूर्वीच्याच आवाजात, त्यांनी सांगितले: "दार उघडलं. काही नाही. घरचंच माणूस आहे."

पडद्यावर जे दारात होते ते त्यानंतर मी अनेकदा वर्गात दाखवले आहे, आणि ते पाहून धीट मुलेही मागे सरकतात. आईने ते सगळे पाहिले, वरपासून खालपर्यंत.

"हो," ती म्हणाली. "तसंच आहे."

पुढच्या रांगेतल्या तरुणीने या दोघांवर विश्वास ठेवून डोळे उघडले, आणि अशी काही किंकाळी फोडली की जुन्या काळच्या कुठल्याही नायिकेने तिच्यापुढे हात टेकले असते. सगळे सभागृह दचकले आणि मग हसत सुटले.

"खालचे दात आले वाटतं?" बाबांनी विचारले.

"आले," आई म्हणाली. "दोन्ही कवळ्या आहेत आता. पण नीट बसलेल्या नाहीत."

"मला वाटलंच," बाबा म्हणाले आणि खुर्चीत निवांत मागे टेकले. "सांग पुढे."